कार्ब्युरेटर : जेटची निवड व जुळणी यांचा इतिहास

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाला हवा व इंधन यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण पुरविणाऱ्या साधनास कार्ब्युरेटर म्हणतात. त्यातील इंधनाचा प्रवाह ज्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून मोजून दिला जातो, त्यास जेट असे म्हणतात. एंजिनाची शक्ती, इंधनाचा खप, बाहेर पडणारे विषारी वायू आणि दट्ट्याचे आयुष्य या सर्वांचा या भोकाच्या व्यासाशी निकटचा संबंध असतो. हा व्यास कारखान्यात एकदाच ठरतो. हवेची घनता, तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची व इंधनाचे स्वरूप मात्र बदलत राहते. न बदलणारे भोक आणि बदलणारी हवा यांचा मेळ घालण्याचे निरनिराळे प्रयत्न म्हणजेच कार्ब्युरेटरचा सव्वाशे वर्षांचा इतिहास होय. नेहमीच्या वापरातील एंजिनात थोडी चूक खपून जाते. शर्यतीच्या किंवा शक्ती वाढविलेल्या एंजिनात ती खपत नाही. त्यामुळे जेट निवडण्याचे शास्त्र व कसब प्रामुख्याने अशाच एंजिनांच्या अनुभवातून वाढले.

तत्त्व : नळीतून वाहणाऱ्या द्रायूचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो, हा सिद्धांत डॅनियल बेर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडला. नळीचा मधला भाग आकुंचित केल्यास तेथे दाब घटतो, हे जोव्हान्नी बात्तीस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी स्पष्ट केले. कार्ब्युरेटरच्या अशा आकुंचित गळ्यात जेटचे तोंड उघडते. दट्ट्याच्या ओढीने हवा गळ्यातून वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि शेजारच्या कुंडीतील पेट्रोल जेटमधून वर येऊन हवेत तुषाररूपाने मिसळते. कुंडीतील पेट्रोलची पातळी फ्लोट नावाचा पोकळ तरंगता डबा व त्याची सुई कायम राखतात.

वजनाने सुमारे १४·७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे मिश्रण रासायनिक दृष्ट्या अचूक असते. यापेक्षा अधिक इंधन असलेल्या मिश्रणास समृद्ध व कमी इंधन असलेल्या मिश्रणास विरल म्हणतात. सर्वाधिक शक्ती मिळते ती साधारणपणे १२·५ ते १३ भाग हवेच्या समृद्ध मिश्रणात, तर सर्वाधिक काटकसर होते ती १५·५ ते १६ भागांच्या किंचित विरल मिश्रणात. हे दोन्ही हेतू एकाच जेटने साधणे शक्य नसते.

जेटवर कोरलेला क्रमांक दोन पद्धतींनी ठरतो. काही उत्पादक भोकाचा व्यास मिमी.च्या शंभराव्या भागांत देतात. १०० क्रमांक म्हणजे १ मिमी. व्यास. दुसऱ्या पद्धतीत ठराविक परिस्थितीत दर मिनिटाला किती घ. सेंमी. द्रव वाहतो, तो आकडा देतात. त्यामुळे एका बनावटीचा १०० क्रमांकाचा जेट दुसऱ्या बनावटीच्या १०० क्रमांकाशी जुळेलच असे नाही. व्यासाच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १०० ऐवजी १०५ क्रमांकाचा जेट बसविल्यास क्षेत्रफळ पाच नव्हे, तर सुमारे दहा टक्क्यांनी वाढते.

प्रारंभ : कार्ल बेंट्स यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या वाहनाचे एकस्व मिळविले, त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये जेट नव्हता, इंधनाच्या पृष्ठभागावरील वाफ हवेबरोबर ओढून घेतली जाई. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी या वाहनातून मानहाइम ते फोर्ट्‌सहाइम हा प्रवास केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली आणि इंधन एका औषधाच्या दुकानातून विकत घेतले. पुढे जगभरच्या दुरुस्तीच्या दुकानांतून चाललेल्या कामाचे हे बहुधा पहिले नोंदलेले उदाहरण होय. वाफेवर अवलंबून असणाऱ्या या पद्धतीत मिश्रणाचे प्रमाण हवामानानुसार वाटेल तसे बदले. १८९३ मध्ये हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंको यांनी आणि त्याच वर्षी जर्मनीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी इंधनाचा तुषार उडविणारा जेट योजला. तेव्हापासून इंधन मोजून देण्याचे काम भोकाकडे आले.

दोष व उपाय : एकाच साध्या जेटात एक मूलभूत उणीव असते. गळ्यातील ओढ वाढत जाते तसतशी हवा विरळ होते, पण पेट्रोल विरळ होत नाही. परिणामी एंजिनाचा वेग वाढताना मिश्रण अधिकाधिक समृद्ध होते. फ्रेंच अभियंते फ्रांस्वा बाव्हरे यांनी १९०६ च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांनी मुख्य जेटाच्या जोडीला दुसरा जेट दिला. त्यातून केवळ गुरुत्वाकर्षणाने, म्हणजे जवळजवळ कायम दराने, पेट्रोल येई. वेग वाढला की पहिल्याचे मिश्रण समृद्ध व दुसऱ्याचे विरल होऊन दोहोंची बेरीज सम राही. झेनिथ नावाने हे कार्ब्युरेटर प्रसिद्धीस आले. नंतरच्या काळात जेटच्या वाटेत थोडी हवा सोडून तोच परिणाम साधण्याची रीत रूढ झाली.

इंग्लंडमध्ये स्किनर बंधूंच्या एसयू कार्ब्युरेटरने वेगळा मार्ग धरला. त्यात ओढीनुसार गळाच लहानमोठा होतो व त्याबरोबर निमुळती सुई जेटमध्ये वरखाली सरकते, म्हणून ओढ जवळजवळ कायम राहते. स्किनर घराणे पादत्राणांच्या व्यवसायातील होते आणि आरंभीच्या या कार्ब्युरेटरांतील भाता कातड्याचा होता. मोटारसायकलींसाठी निमुळती सुई हाताने ओढल्या जाणाऱ्या सरकत्या थ्रॉटलला जोडण्याची पद्धत अधिक सोयीची ठरली. १९२७ मध्ये तीन इंग्लिश संस्थांच्या एकत्रीकरणातून निघालेल्या अमाल या नावाने ती जगभर पसरली. जपानच्या मिकुनी कंपनीने १९६० मध्ये अमालशी परवाना-करार केला आणि भारतातील असंख्य मोटारसायकलींवर पुढे जे कार्ब्युरेटर आले, त्यांची घडण या परंपरेतील आहे. इटलीत एदोआर्दो वेबर व गाएतानो देल्लोर्तो यांच्या नावाच्या कारखान्यांनी शर्यतीच्या मोटारी व स्कूटर यांसाठी कार्ब्युरेटर घडविले. वेबरच्या कार्ब्युरेटरांत गळा, जेट व हवेच्या नळ्या असे जवळजवळ सर्व भाग सुटे व बदलता येण्याजोगे असत. शर्यतीच्या एका दिवसात हवामान बदलले, तर जुळणीही बदलता येई.

भोकाच्या व्यासाचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात विशेष प्रकर्षाने दिसले. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन एंजिनांवर फ्लोट असलेले कार्ब्युरेटर होते. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले की प्रथम इंधन तुटे व लगेच कुंडी भरून वाहू लागून एंजिन गुदमरे. इंधन अंतःक्षेपण असलेल्या जर्मन विमानांना ही अडचण नव्हती. फार्नबरो येथील संशोधन केंद्रातील अभियंत्या बिअट्रिस शिलिंग यांनी जास्तीत जास्त शक्तीला लागेल तेवढेच इंधन जाऊ देणारी, मोजून भोक पाडलेली धातूची चकती इंधनाच्या वाटेत बसविली. १९४१ च्या आरंभी ती विमानांवर बसविण्यात आली आणि एंजिन भरून वाहणे थांबले. शिलिंग स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेत. १९३४ मध्ये त्यांनी ब्रुकलंड्स येथे ताशी १०० मैलांहून अधिक सरासरीने फेरी पूर्ण केली होती.

दोन धावांची एंजिने : १९५० नंतरच्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात व्हाल्टर काडेन यांनी दोन धावांच्या एंजिनासाठी फुगीर निष्कास नळीचा अभ्यास केला. निष्कास वायूंच्या ध्वनितरंगांच्या साहाय्याने बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलण्याची ही युक्ती होती. १९६१ पर्यंत १२५ घ. सेंमी.च्या एंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती मिळू लागली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीकडे पोहोचले. १९६२ मध्ये सुझुकीने ५० घ. सेंमी. वर्गाचे जागतिक विजेतेपद मिळविले. या नळीमुळे एंजिन एका ठराविक वेगपट्ट्यात एकदम अधिक हवा ओढते व तेथे त्याला मोठा जेट लागतो; त्या पट्ट्याबाहेर तोच जेट अधिक पेट्रोल ओततो. शिवाय दोन धावांच्या एंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते, म्हणून जेट लहान झाला की उष्णता वाढते व वंगण घटते. दोन्ही आपत्ती एकाच वेळी ओढवतात.

भारतातील परिस्थिती : महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट व पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारी बाहेर पडल्या. पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज ऑटोच्या स्कूटर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९७२ पासून लुना तयार होऊ लागली. या सर्व वाहनांच्या कार्ब्युरेटरांची जुळणी काटकसरीला प्राधान्य देणारी होती. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० व १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या दोन धावांच्या मोटारसायकलींनी चित्र बदलले. पहिलीत ३४७ घ. सेंमी.चे दोन सिलिंडर व प्रत्येकाचा स्वतंत्र कार्ब्युरेटर होता. दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी व सारखे उघडतील अशी जुळणी न केल्यास एक सिलिंडर दुसऱ्याचा भार वाही. दुसरीचे ९८ घ. सेंमी.चे एंजिन सुमारे ११ अश्वशक्ती देई. मद्रासजवळील शोळावरम येथील जुन्या विमान-धावपट्टीवरील शर्यतींत व गावोगावच्या मातीच्या मार्गांवर अशा एंजिनांची शक्ती वाढविण्याचे प्रयोग झाले. हवागाळणी मोकळी करणे, निष्कास नळी बदलणे, सिलिंडरातील छिद्रे वाढविणे हे त्यांतील नेहमीचे उपाय होत. यांपैकी कोणत्याही उपायाने हवा वाढली की जेट बदलणे क्रमप्राप्त ठरते. तो न बदलता काढलेली शक्ती फार काळ टिकत नाही.

जुळणीची पद्धत : जेटला हात लावण्यापूर्वी ठिणगीचा काल, फ्लोटची पातळी, हवागाळणीची स्वच्छता व जोडांतून होणारी हवेची गळती तपासून घेतात. गळती असलेल्या एंजिनात मोठा जेट बसवणे म्हणजे एका दोषावर दुसऱ्या दोषाचे पांघरूण घालणे होय. सरकत्या थ्रॉटलच्या कार्ब्युरेटरमध्ये कामाची विभागणी साधारणपणे अशी असते : थ्रॉटल मिटलेला असताना व सुमारे आठवा हिस्सा उघडेपर्यंत स्लो जेट व हवेचा स्क्रू; तेथून पाव हिस्सा उघडेपर्यंत थ्रॉटलच्या खालच्या कडेचा काप; पाव ते पाऊण हिश्शापर्यंत निमुळती सुई; आणि त्यापुढे मुख्य जेट. या सीमा काटेकोर नसून एकमेकींत मिसळलेल्या असतात.

शर्यतीच्या एंजिनात प्रथम मुख्य जेट ठरवितात. आरंभ मुद्दाम मोठ्या जेटने करतात. एंजिन पूर्ण तापल्यावर पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर गाडी पळवून, त्याच क्षणी एंजिन बंद करून व क्लच दाबून ती थांबवितात आणि ठिणगी गुडदी, म्हणजेच बोलभाषेतला प्लग, काढून पाहतात. प्लगाचे चिनीमातीचे टोक काजळीने काळे व ओलसर असेल, तर मिश्रण समृद्ध. फिकट बदामी असेल, तर योग्य. पांढरेफटक किंवा फोड आल्यासारखे असेल, तर धोकादायक रीत्या विरल, असे समजतात. शिसेविरहित पेट्रोल आल्यापासून हे रंग पूर्वीइतके ठळक उमटत नाहीत, त्यामुळे केवळ रंगावर विसंबणे योग्य नव्हे. मुख्य जेट ठरल्यावर सुईची खाच वरखाली करून मधला भाग व शेवटी स्लो जेट आणि हवेचा स्क्रू जुळवितात. दर वेळी एकच भाग, एकाच पायरीने बदलणे व प्रत्येक बदल तापमानासह लिहून ठेवणे हा या कामाचा पहिला नियम होय.

मोठ्या जेटाकडून लहानाकडे जाताना काही पायऱ्यांपर्यंत एंजिन अधिकाधिक चपळ होत जाते. नवख्या माणसाची फसगत येथेच होते, कारण ज्या वाटेने शक्ती वाढते त्याच वाटेवर पुढे दट्ट्याचा नाश असतो. विरल मिश्रणाने दट्ट्याचा माथा तापून वितळतो किंवा दट्ट्या फुगून सिलिंडरात जाम होतो. दोन धावांच्या मोटारसायकलीत त्याच क्षणी मागचे चाक अडकते व वेगात असलेला स्वार फेकला जाऊ शकतो. उतारावर थ्रॉटल मिटून एंजिन वेगात फिरत ठेवल्यास वंगणाअभावी हीच अवस्था येते. म्हणून अनुभवी स्वार चाचणीच्या वेळी क्लचच्या दांडीवर बोट ठेवूनच गाडी चालवितो, आणि जाणता कारागीर सर्वाधिक शक्ती देणाऱ्या जेटपेक्षा एक पायरी मोठा जेट ठेवून काम संपवितो.

तुंबलेला जेट तारेने कोरणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. पितळ मऊ असल्याने भोकाची कड बिघडते व जेटवरील क्रमांक खोटा ठरतो. जेट पेट्रोलात भिजवून दाबाखालील हवेने साफ करावा.

वऱ्हाडातील उदाहरण : हवेचा परिणाम किती मोठा असतो, हे अकोला जिल्ह्यातील तेल्हारा या तालुक्याच्या गावाच्या उदाहरणाने पाहता येते. सातपुड्याच्या पायथ्यालगत, पूर्णेच्या खोऱ्यातील कापूसपट्ट्यात वसलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मी. उंचीवर आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४५° से.पर्यंत जाते, तर हिवाळ्यातील पहाटे ते १०° से.च्या आसपास असते. दाब सारखा धरल्यास मे महिन्याच्या दुपारची हवा हिवाळी पहाटेच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी हलकी भरते. मिश्रणाचे प्रमाण घनतेच्या वर्गमुळानुसार बदलत असल्याने पहाटे अचूक असलेला जेट दुपारी सुमारे ६ टक्के समृद्ध ठरतो. हा फरक १०० ऐवजी ९७ क्रमांकाचा जेट घेतल्याने भरून निघतो. हीच गाडी अकोट व परतवाड्यावरून सुमारे १,१०० मी. उंचीवरील चिखलदऱ्यास नेली, तर तेथील थंडावा जमेस धरूनही हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ मिळते. तितकीच शक्ती घटते व मिश्रण सुमारे ४ टक्क्यांनी समृद्ध होते. घाटात एंजिनाचा आवाज जड होतो तो यामुळेही.

येथे धोक्याची दिशा लक्षात घेणे अगत्याचे आहे. उन्हाळ्यात जुळविलेली गाडी हिवाळ्यात विरल होते, आणि डोंगरावर जुळविलेली गाडी सपाटीवर उतरल्यावर विरल होते. समृद्ध मिश्रणाने पेट्रोल वाया जाते. विरल मिश्रणाने एंजिन जाते. त्यामुळे वर्षभर एकच जेट ठेवायचा असल्यास तो थंडीतील पहाटेला पुरेल असाच असावा लागतो आणि उन्हाळ्यातील थोडी उधळपट्टी मान्य करावी लागते. कापसाच्या फवारणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलवरील लहान पंपांनाही हाच हिशेब लागू पडतो.

अस्त : कार्ब्युरेटरची पीछेहाट वेगाच्या स्पर्धेमुळे न होता हवेच्या शुद्धतेच्या प्रश्नामुळे झाली. निष्कास वायू शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकी साधनाला १४·७ च्या अगदी जवळचे प्रमाण सतत लागते. १९७६ पासून मोटारींत आलेला प्राणवायू-संवेदक निष्कासातील प्राणवायू मोजून क्षणोक्षणी इंधन कमीजास्त करण्याची सूचना देतो. ठरलेल्या व्यासाच्या भोकाला हे साधत नाही. भारतात पेट्रोल वाहनांच्या उत्सर्जनाची मानके १९९१ मध्ये लागू झाली व पुढे ती कडक होत गेली. पुण्यातील भारतीय ऑटोमोटिव्ह संशोधन संस्था (स्थापना १९६६) ही अशा चाचण्यांचे एक प्रमुख केंद्र आहे.

हे परिवर्तन सरळ रेषेत मात्र झाले नाही. बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० ही मोटारसायकल इंधन अंतःक्षेपणासह बाजारात आणली. २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटरसह आली. किंमत उतरली आणि शक्ती सुमारे २० वरून २१ अश्वशक्तीवर गेली. पूर्ण थ्रॉटलवर चांगला जुळविलेला जेट अंतःक्षेपणाशी बरोबरी करू शकतो, हे यावरून दिसून येते. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींच्या अव्वल मालिकेतही २०११ अखेर कार्ब्युरेटरच होते. परंतु बदलत्या परिस्थितीत प्रत्येक क्षणी शुद्ध ज्वलन साधणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. पल्सर २२० लाही पुन्हा अंतःक्षेपण स्वीकारावे लागले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटच्या नोंदणीकृत टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

जुन्या वाहनांच्या बाबतीत मात्र जेटचा प्रश्न नव्या कारणाने पुन्हा उभा राहिला आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे अशा इंधनाचे अचूक प्रमाण १४·७ ऐवजी सुमारे १३·५ येते. निव्वळ पेट्रोलसाठी निवडलेला जेट या इंधनावर सुमारे ८ टक्के विरल ठरतो. १०० क्रमांकाच्या जागी १०४ च्या आसपासचा जेट घेतल्यास तूट भरून निघते. संवेदक असलेले नवे वाहन ही दुरुस्ती स्वतः करते. कार्ब्युरेटर असलेल्या वाहनात ती माणसालाच करावी लागते. तेल्हाऱ्यातील मे महिन्याच्या दुपारी उष्णतेमुळे होणारी समृद्धी ही तूट बरीचशी झाकून टाकते. तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे पूर्ण थ्रॉटलवर पळविली, तर थंड हवा व इथेनॉल या दोहोंचा परिणाम एकाच दिशेने होतो. आरएक्स १०० सारख्या, उत्पादन १९९६ मध्ये थांबूनही रस्त्यावर असलेल्या दोन धावांच्या गाड्यांत दट्ट्या जाम होण्याचा संभव अशा वेळी सर्वाधिक असतो. म्हणून जुन्या एंजिनाची जुळणी करताना इंधनातील इथेनॉलचे प्रमाण हा तापमान व उंची यांच्याइतकाच महत्त्वाचा घटक मानावा लागतो.